"हे किती कप चहा झाले?" – ॲडेनोसिन रिसेप्टरच्या शोधाची गोष्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी लॅब मीटिंगमध्ये मी माझा पहिला आलेख दाखवला. पेशींना एक मिलिमोलर कॅफिन दिलं होतं आणि त्यांच्यातलं सायक्लिक एएमपी मस्त वाढलं होतं. एरर बार छोटे, आलेख देखणा. मी मनातून खूश. सरांनी एकच प्रश्न विचारला, "हे किती कप चहा झाले?"

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी वहीत गणित मांडलं. कॅफिनचा रेणुभार १९४. एका कप कॉफीत १०० मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर ते होतं साधारण अर्धा मिलिमोल. शरीरातलं पाणी ढोबळमानाने ४० लिटर. म्हणजे एका कपामागे रक्तात १२-१३ मायक्रोमोलर. चहात कॅफिन साधारण निम्मं. मग एक मिलिमोलर गाठायला एका बैठकीत दीडशेच्या वर कप चहा लागणार! आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मी पातळीही माणसाच्या जिवावर बेतते.

माझ्या प्रयोगाचे आकडे खोटे नव्हते. खोटा होता तो शेवटच्या स्लाइडवरचा निष्कर्ष: "कॅफिन शरीरात अशा प्रकारे काम करतं." नंतर जुने पेपर वाचायला घेतले तेव्हा लक्षात आलं की या खड्ड्यात पडणारी मी पहिली नाही. औषधशास्त्रातली मोठमोठी माणसं बरीच वर्षं नेमकी याच ठिकाणी अडकली होती, आणि त्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवरच ॲडेनोसिन रिसेप्टर सापडला. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा वाचावी असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

सुरुवात: हृदय मंदावणारा अर्क

१९२९ साली केंब्रिजमध्ये ॲलन ड्रुरी आणि आल्बर्ट सेंट-ज्योर्जी या दोघांनी एक लांबलचक पेपर छापला. सेंट-ज्योर्जी म्हणजे तेच, ज्यांना पुढे १९३७ मध्ये नोबेल मिळालं आणि ज्यांचं नाव आपण 'क' जीवनसत्त्वाच्या धड्यात वाचतो. त्यांनी हृदयाच्या स्नायूंचा अर्क काढून प्राण्यांच्या शिरेत टोचला, तर हृदयाचे ठोके मंदावले, कधीकधी वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचेनासा झाला, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंदावल्या आणि रक्तदाब उतरला. अर्कातला कर्ताकरविता शोधत ते ॲडेनिलिक आम्लापर्यंत पोहोचले, आणि त्याच कुळातलं ॲडेनोसिनही तसंच वागतं हे त्यांनी दाखवलं.

आता त्या काळच्या संशोधकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ॲडेनोसिन हा काही दुर्मीळ पदार्थ नाही. तो प्रत्येक पेशीत आहे. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन, आणि त्याला जोडलेले तिन्ही फॉस्फेट निघून गेले की मागे उरतं ते ॲडेनोसिन. म्हणजे खर्च झालेल्या इंधनाची राख म्हणा. राख हृदयाला निरोप कशी देईल? ॲड्रिनलिनसारखी त्याला स्वतःची ग्रंथी नाही, ते साठवून ठेवणारी खास जागा नाही. १९३० च्या दशकात काही डॉक्टरांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं, पण परिणाम काही सेकंदांतच विरून गेला. औषध म्हणून निरुपयोगी, असं समजून विषय बाजूला पडला. सेकंदांत विरणं हाच पुढे त्याचा सगळ्यात मोठा गुण ठरणार होता, पण ते पुढे.

१९६३ मध्ये क्लीव्हलँडच्या रॉबर्ट बर्न यांनी या राखेला अर्थ दिला. हृदयाला ऑक्सिजन कमी पडला की स्नायूतून ॲडेनोसिन बाहेर झिरपतं आणि तेच जवळच्या धमन्या रुंदावतं, म्हणजे रक्त वाढतं, म्हणजे ऑक्सिजन वाढतो, असा त्यांचा तर्क. जर्मनीत गेरलाख आणि सहकारी त्याच वर्षी याच निष्कर्षाला आले. यातली युक्ती आकड्यांत आहे. पेशीत एटीपी मिलिमोलर पातळीत असतं, तर पेशीबाहेर ॲडेनोसिन नॅनोमोलर पातळीत. त्यामुळे एटीपीचा साठा जरासा जरी घटला, तरी ॲडेनोसिन अनेक पटींनी वाढतं. घरातलं पीठ संपत आल्याचं डब्याकडे बघून कळायच्या आधी चाळणीतल्या कोंड्यावरून कळावं, तसं.

पण निरोप आहे म्हटल्यावर तो वाचणारं कोणीतरी पाहिजे. पेशीवर ॲडेनोसिनसाठी वेगळा रिसेप्टर आहे, असं म्हणायला पुरावा काय?

चुकीचं पण चोख स्पष्टीकरण

इथे कॅफिन गोष्टीत येतं. कॅफिन आणि थिओफिलिन हे दोघे मिथाइलझँथिन कुळातले. कॅफिन कॉफीतून १८१९-२० च्या सुमारास रुंगे यांनी वेगळं केलं. थिओफिलिन १८८८ मध्ये कोसेल यांनी चहाच्या पानांतून काढलं. दम्यावर कडक कॉफीचा उपयोग होतो, हे हेन्री हाइड सॉल्टर यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे घरात दम्याचं माणूस असेल तर 'डेरिफायलिन'ची गोळी माहीत असते, तिच्यातही थिओफिलिनच. औषध जुनं, उपयोग पक्का, पण ते काम कसं करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग आलं सायक्लिक एएमपी. अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी हा रेणू शोधला. हार्मोन पेशीच्या दारावर थाप मारतं आणि सायक्लिक एएमपी तो निरोप आत पोहोचवतं. सदरलँड यांना १९७१ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. या रेणूला तोडणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज. १९६२ मध्ये बुचर आणि सदरलँड यांनी दाखवलं की कॅफिन आणि थिओफिलिन या एन्झाइमला अडवतात.

झालं! उत्तर मिळालं. कॅफिन तोडणाऱ्याला अडवतं, म्हणून सायक्लिक एएमपी साचतं, म्हणून तरतरी येते. सरळ, सुटसुटीत, आणि मागे नोबेलविजेत्याचं नाव. हेच पाठ्यपुस्तकांत गेलं, वर्गात शिकवलं गेलं. परीक्षानळीत दिलेली मात्रा आणि रक्तात असणारी मात्रा यांची तुलना मात्र फारशी झाली नाही. मिलिमोलरच्या आसपास कॅफिन ओतल्याशिवाय एन्झाइम नीट अडत नव्हतं, आणि चहा-कॉफीनंतर माणसाच्या रक्तात त्याचा अगदी लहानसा हिस्साच असतो.

१९७०: उलटं आलेलं उत्तर

क्लीव्हलँडमध्येच आल्बर्ट सॅटिन आणि तेच थिओडोर रॉल गिनीपिगच्या मेंदूच्या पातळ कापांवर काम करत होते. कापांना ॲडेनोसिन दिलं की त्यांच्यातलं सायक्लिक एएमपी चांगलंच वाढायचं. आता यात थिओफिलिन घातलं तर काय व्हायला हवं? ॲडेनोसिन सायक्लिक एएमपी वाढवणार, थिओफिलिन ते तोडू देणार नाही, म्हणजे दोन्ही मिळून आणखी वाढायला हवं.

प्रत्यक्षात उलट झालं. थिओफिलिनने ॲडेनोसिनचा परिणामच पुसून टाकला.

इथे जरा थांबा. हे तुमच्या वहीत झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? माझ्यापुरतं प्रामाणिक उत्तर: मी म्हणाले असते की बाटली बदलली असेल, बफर बिघडला असेल, पुन्हा करू. रॉल हे तर सायक्लिक एएमपीच्या शोधातच सहभागी असलेले. फॉस्फोडायएस्टरेजचं स्पष्टीकरण त्यांच्याच घरातलं. तरीही त्यांनी निकाल फेकला नाही. १९७० च्या पेपरमध्ये मिथाइलझँथिन ॲडेनोसिनला विरोध करतात हे स्पष्ट मांडलं गेलं. पाच वर्षं आधी, १९६५ मध्ये, दे गुबारेफ आणि स्लीटर यांनी गिनीपिगच्या हृदयाच्या अलिंदात कॅफिन ॲडेनोसिनला निष्प्रभ करतं हे पाहिलं होतं. दोन वेगळे अवयव, एकच विरोध.

याचा अर्थ मोठा आहे. रिसेप्टर तेव्हा कोणीच डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मग एखादी गोष्ट 'आहे' असं कशावरून म्हणायचं? औषधशास्त्रात याचं एक जुनं उत्तर आहे: जिला ठरावीक किल्ली लागते आणि ठरावीक खोटी किल्ली जिच्यात अडकून बसते, ती कुलूप असते. खोटी किल्ली म्हणजे अँटॅगोनिस्ट. जागा अडवायची, पण दार उघडायचं नाही. ॲडेनोसिनच्या कुलपाची खोटी किल्ली माणूस शतकानुशतकं कपात ओतून पीत होता, फक्त ती किल्ली आहे हे माहीत नव्हतं.

१९७२ मध्ये जेफ्री बर्नस्टॉक यांनी पुढचं पाऊल टाकलं. एटीपीसुद्धा मज्जातंतूंचा संदेशवाहक आहे, असा दावा त्यांनी केला. बऱ्याच जणांनी टिंगल केली. इंधन कधी निरोप देतं का, हीच ती १९२९ ची शंका. ते मागे हटले नाहीत आणि १९७८ मध्ये त्यांनी वर्गीकरण मांडलं: पी१ रिसेप्टर ॲडेनोसिनचे, पी२ रिसेप्टर एटीपी-एडीपीचे. आणि पी१ ओळखण्याच्या खुणांमधली एक होती, मिथाइलझँथिनने अडणं. सॅटिन-रॉल यांचा उलटा निकाल आठ वर्षांत व्याख्येचा भाग झाला.

एकच रेणू, दोन उलट कामं

एवढ्यात नवा गोंधळ. काही प्रयोगशाळा म्हणत होत्या, ॲडेनोसिन सायक्लिक एएमपी वाढवतं. काही म्हणत होत्या, घटवतं. कोण चुकतंय?

कोणीच नाही. १९७९ मध्ये जर्मनीत व्हॅन कॅल्कर, म्युलर आणि हँप्रेख्ट यांनी मेंदूच्या पेशींच्या कल्चरवर मात्रा बदलत प्रयोग केले. नॅनोमोलर मात्रेत ॲडेनोसिनसारखे पदार्थ सायक्लिक एएमपी घटवत होते, आणि मायक्रोमोलर मात्रेत वाढवत होते. त्यांनी सुचवलं की रिसेप्टर दोन आहेत: घटवणारा ए१, वाढवणारा ए२. १९८० मध्ये अमेरिकेत लंडोस, कूपर आणि वोल्फ यांनी वेगळ्या पेशींत, वेगळ्या नावांनी हेच मांडलं. ज्यांनी एकच मात्रा वापरली असती त्यांना अर्धंच सत्य दिसलं असतं, आणि ते अर्धं सत्य घेऊन ते दुसऱ्या अर्ध्याशी भांडत बसले असते. पुढे ए२ चेही दोन भाग पडले, ए२ए आणि ए२बी, आणि तेही मुख्यतः 'किती मात्रेला जागा होतो' यावरूनच.

चहाच्या कपाचा हिशोब

१९८० च्या सुमारास किरणोत्सारी खूण लावलेले रेणू हाताशी आले. मेंदूच्या ऊतीत ते किती घट्ट बसतात आणि त्यांना बाहेर ढकलायला कॅफिन किती लागतं, हे आता मोजता येऊ लागलं. जॉन्स हॉपकिन्सचे सॉलोमन स्नायडर आणि अमेरिकेच्या एनआयएचमधले जॉन डॅली यांनी सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये एक साधा पण नेमका प्रश्न विचारला. मिथाइलझँथिन कुळातली अनेक औषधं घ्यायची. प्रत्येक औषध उंदराला किती चळवळ्या बनवतं ते मोजायचं. मग ती चळवळ कशाशी जुळते ते बघायचं: रिसेप्टरला चिकटण्याच्या ताकदीशी, की फॉस्फोडायएस्टरेज अडवण्याच्या ताकदीशी?

ती जुळली रिसेप्टरशी. कॅफिन ॲडेनोसिनच्या ए१ आणि ए२ए रिसेप्टरवर काही मायक्रोमोलर ते दहा-वीस मायक्रोमोलरला बसतं. म्हणजे बरोबर एक-दोन कपांच्या हिशोबात. फॉस्फोडायएस्टरेजला त्याच्या कित्येक पट लागतं.

मात्र यावरून 'फॉस्फोडायएस्टरेज हा खोटाच प्रकार' असा उलटा अतिरेकही करू नका. दम्यात थिओफिलिन रक्तात लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या घरात ठेवतात. ते होतं ५५ मायक्रोमोलर, म्हणजे चहाच्या कपापेक्षा खूपच वरचं. तिथे एन्झाइमही काही प्रमाणात अडतं. शिवाय एनप्रोफिलिन नावाचा जवळचा रेणू ए१ रिसेप्टरला फारसा न अडवताही श्वासनलिका चांगली मोकळी करतो, हे त्याच दशकात दिसलं. दुसरीकडे १९८३ मध्ये कुशली, टॅटर्सफील्ड आणि होल्गेट यांनी दाखवलं की ॲडेनोसिन हुंगायला दिलं तर दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका आकसतात, निरोगी माणसांच्या नाही. म्हणजे औषध एकच, पण मेंदूतलं आणि फुफ्फुसातलं उत्तर एकच असेल असं नाही.

अनाथ जनुकं आणि शेवटचे पुरावे

१९८९ मध्ये ब्रुसेल्सच्या लिबेर, पारमाँतिए, व्हासार वगैरे मंडळींनी कुत्र्याच्या थायरॉइडमधून चार नवी जनुकं काढली. रचना बघता ती रिसेप्टरची, पण कशाची ते माहीत नाही. अशांना 'अनाथ रिसेप्टर' म्हणतात. आरडीसी७ आणि आरडीसी८ अशी नुसती नंबरवारी नावं. पुढच्या दोनेक वर्षांत कळलं, आरडीसी८ म्हणजे ए२ए आणि आरडीसी७ म्हणजे ए१. साठ वर्षं ज्याच्या सावलीवरून अंदाज बांधले, तो शोधायला न जाता सापडला! १९९२ मध्ये ए२बी आणि ए३ चीही ओळख पटली. गंमत म्हणजे उंदरांमधला ए३ मिथाइलझँथिनला जवळजवळ दादच देत नाही. पी१ च्या व्याख्येतली जुनी खूण त्याला लागू पडली नाही, तरी तो ॲडेनोसिनचाच.

तरतरीचा प्रश्न मात्र उरला होता: कॅफिन ए१ आणि ए२ए दोन्ही अडवतं, मग झोप कोणामुळे उडते? १९९७ मध्ये लेदाँ आणि सहकाऱ्यांनी ए२ए नसलेले उंदीर तयार केले. त्यांना कॅफिन दिलं तर ते चळवळे होण्याऐवजी मंदावले. त्याच वर्षी तार्या पोर्का-हाइस्कानेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजराला जागं ठेवत गेलं तसं मेंदूच्या एका ठरावीक भागात ॲडेनोसिन साचत जातं आणि झोपल्यावर उतरतं. २००५ मध्ये हुआंग यांच्या गटाने दोन्ही प्रकारचे उंदीर शेजारी ठेवले. ए१ नसलेले उंदीर कॅफिनने जागे राहिले, ए२ए नसलेले राहिले नाहीत. आणि २००८ मध्ये मानवी ए२ए रिसेप्टरची स्फटिकरचना २.६ अँगस्ट्रॉमला छापून आली. कुलूप अखेर दिसलं.

हे सगळं दवाखान्यात कुठे भेटतं?

हृदय एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशेच्या वेगाने धावू लागण्याचा एक प्रकार असतो. त्यात आज सहा मिलिग्रॅम ॲडेनोसिन शिरेतून झटक्यात देतात. मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट होते, रुग्णाला अतिशय घाबरल्यासारखं होतं, आणि मग हृदय आपल्या तालावर परत येतं. बर्न यांच्या व्हर्जिनियातल्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपयोग मांडला आणि १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या 'सेकंदांत विरतं' या दोषामुळे १९३० च्या दशकात ते टाकून दिलं होतं, त्याच गुणामुळे ते आज सुरक्षित आहे.

पार्किन्सनवर ए२ए अडवणारं इस्ट्राडेफिलिन जपानमध्ये २०१३ पासून आणि अमेरिकेत २०१९ पासून आहे. मुदतीआधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, तेव्हा त्यांना कॅफिन सायट्रेट देतात. आणि ॲडेनोसिन देऊन हृदयाची स्ट्रेस तपासणी करायची असेल, तर आधी बजावून सांगतात, "बारा ते चोवीस तास चहा-कॉफी बंद." घरातल्या ज्येष्ठांना ही सूचना जाचक वाटते. पण ती म्हणजे सॅटिन आणि रॉल यांच्या १९७० च्या कापांमधला तोच उलटा निकाल: खोटी किल्ली आधीच कुलपात बसलेली असेल, तर खरी किल्ली फिरणार नाही आणि तपासणी खोटं उत्तर देईल.

पुन्हा माझा आलेख

सरांच्या प्रश्नानंतर मी तोच प्रयोग पुन्हा केला, पण एक मायक्रोमोलरपासून एक मिलिमोलरपर्यंत आठ मात्रा घेऊन. वरच्या टोकाला सायक्लिक एएमपी चढत होतं, आधीसारखंच. पण दहा ते पन्नास मायक्रोमोलरमध्ये ते मूळ पातळीच्याही खाली उतरलं होतं. माझ्या पेशी ए२ए असलेल्या, आणि त्या स्वतःच थोडं ॲडेनोसिन बाहेर सोडत होत्या. कमी मात्रेतलं कॅफिन तो निरोप अडवत होतं, आणि जास्त मात्रेतलं कॅफिन एन्झाइम अडवत होतं. एकाच आलेखात १९६२ आणि १९७० दोन्ही होते. पहिल्या वेळी मी फक्त १९६२ बघितलं होतं, कारण मात्रा एकच घेतली होती, आणि तीही एका जुन्या प्रोटोकॉलमध्ये होती म्हणून.

तुम्ही लॅबमध्ये नवीन असाल तर या आठवड्यात एवढं एक करा. तुमच्या प्रोटोकॉलमधलं कुठलंही एक औषध घ्या, त्याचा रेणुभार काढा, आणि तुम्ही देता ती मात्रा माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरात कधी पोहोचते का याचं अर्ध्या पानाचं गणित मांडा. ते पान वहीला चिकटवून ठेवा. पुढच्या मीटिंगला कोणी कपांचा हिशोब विचारला, तर माझ्यासारखं गप्प बसायची वेळ यायला नको.